सगळं सोडून जंगलात एकटं राहायला जायचंय: सुख मिळेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय चौतीस, नोकरी बरी, पण कामाचा, शहराचा आणि माणसांचाच वीट आलाय. घर विकून, सगळ्यांशी संबंध तोडून एखाद्या दूरच्या जंगलात कायमचं एकट्यानं राहायचं आहे. तिथं खरंच सुख मिळतं का, आणि मिळत असेल तर तयारी काय करावी?

मी बावीस वर्षं वन्यप्राण्यांच्या नोंदी ठेवायचं काम करतोय. त्यातले बरेच हिवाळे एका खोलीच्या चौकीत एकट्यानं काढलेत. सर्वांत लांबचा सलग मुक्काम 97 दिवसांचा होता. गेली काही वर्षं असा मुक्काम करू पाहणाऱ्यांची तयारीही करून घेतो. म्हणून उत्तर जरा लांबेल, कारण तुमच्यासारखी माणसं मला बरीच भेटलीत आणि त्यांतल्या काहींची मला खूप काळजी वाटली आहे.

तिथं सुख आहे, हे आधी सांगून टाकतो. जे लोक तुम्हाला "हे सगळं खूळ आहे" म्हणतात त्यांनी ते अनुभवलेलं नसतं. महिनाभरानंतर डोळे आणि कान असे काही उघडतात की आपण इतकी वर्षं अर्धवट झोपेत होतो असं वाटतं. एका हिवाळ्यात ओढ्यापलीकडच्या बांधावरून रोज उजाडताना एक कोल्हीण जायची. चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास मला तिची वेळ घड्याळासारखी कळायला लागली होती. एके दिवशी ती आली नाही, तर माझं दिवसभर कशात लक्ष लागेना. दुसऱ्या दिवशी ती मागच्या पायानं लंगडत आली आणि मला इतका आनंद झाला की मी चौकीत एकटाच मोठ्यानं बोललो. हे सुख खरं आहे. पण ते लक्ष देण्यातून येतं, एका जागेवर टिकून राहण्यातून येतं. माणसं आसपास नाहीत म्हणून ते आपोआप मिळत नाही. तुमच्या प्रश्नात मला हीच गल्लत दिसली. कुठं जायचं आणि तिथं काय करायचं याबद्दल तुम्ही एक ओळ लिहिली आहे. काय सोडायचं आहे याबद्दल दीड पान.

आपल्या भाषेत या गोष्टीसाठी दोन शब्द आहेत, वनवास आणि एकांत. वनवास भोगावा लागतो, एकांत आपण मागून घेतो. रान तेच, झोपडीही तीच असू शकते. जाताना तुम्ही कुणाच्या तरी विरुद्ध जाताय की कशाच्या तरी ओढीनं जाताय, यावर त्याचं काय होणार हे पुष्कळसं ठरतं.

आता मनाचं काय होतं ते सांगतो. पहिले तीन दिवस फार छान जातात. सामान लावणं, सरपण गोळा करणं, पाण्याची वाट पक्की करणं, सगळं नवं असतं. चौथ्या-पाचव्या दिवशी माणसं येतात. ज्यांना सोडून आलो तीच. लाकडं फोडताना मी एका जुन्या वरिष्ठाला आठ वर्षांपूर्वीच्या अपमानाचं उत्तर देत होतो, तेही मोठ्यानं, तेही रोज. शहरात असताना त्याची आठवणसुद्धा यायची नाही, कारण तिथं आठवायला उसंत नसते. रानात मनाला दुसरं खाद्य नसतं, म्हणून ते साठवणीतलं काढून चघळतं. माणसांचा वीट घेऊन गेलात, तर पहिले दोन-तीन आठवडे त्याच माणसांच्या गर्दीत काढावे लागतील, आणि तिथं ती गप्पही बसत नाहीत. ज्याला हे आधी माहीत असतं तो तग धरतो. ज्याला माहीत नसतं, त्याला वाटतं आपल्यातच काहीतरी बिघडलंय.

ओढ्याजवळ राहिलात तर पाण्याच्या खळखळाटात बोलणं ऐकू येईल. दोन बायका लांबवर गप्पा मारताहेत असं वाटेल, शब्द मात्र कळणार नाहीत. यात घाबरण्यासारखं काही नाही. सतत एकसुरी आवाज आला की मेंदू त्यात ओळखीचा आकार शोधतो, आणि त्याला सर्वांत ओळखीचा असतो माणसाचा आवाज. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कंदील घेऊन बाहेर जाऊन आलो होतो.

दुपार ही खरी परीक्षा. सकाळी कामं असतात, संध्याकाळी चूल असते. दुपारी दोन ते चार सूर्य जागचा हलत नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एकट्यानं राहणाऱ्या साधकांमध्ये एव्हाग्रियस नावाचा एक होता, इसवी सन 399 मध्ये वारला. त्यानं या अवस्थेला दुपारचा राक्षस म्हटलं आहे. सूर्य थांबलाय असं वाटतं, साधक सारखा खिडकीतून बाहेर बघतो, कुणी येतंय का पाहतो, ही जागाच चुकीची आहे, दुसरीकडे गेलो तर बरं होईल असं त्याला वाटू लागतं. सोळाशे वर्षांपूर्वीचं हे वर्णन आणि माझ्या वहीतली पानं शेजारी ठेवली तर फारसा फरक दिसायचा नाही.

वेळेचं भानही सुटतं. मिशेल सिफ्र हा फ्रेंच संशोधक 1962 मध्ये आल्प्समधल्या एका गुहेत घड्याळाशिवाय दोन महिने राहिला. 14 सप्टेंबरला त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या हिशेबानं 20 ऑगस्ट होती. पंचवीस दिवसांची चूक! तुमच्याकडे ऊन असेल, त्यामुळे इतकं होणार नाही, पण तारखा लिहीत नसाल तर महिन्याभरात दोन-तीन दिवस इकडचे तिकडे होतात. एकट्याच्या शिध्याच्या हिशेबात तेवढी चूकही महागात पडते.

ज्या वाळवंटातल्या साधकांबद्दल वर लिहिलं, ते कसे राहत होते हे बघण्यासारखं आहे. त्यांच्या खोल्या एकमेकींपासून लांब होत्या, आवाज जाणार नाही इतक्या. आठवडाभर ते एकटे असत, दोर वळत, टोपल्या विणत. शनिवारी-रविवारी मात्र सगळे एकत्र येत, प्रार्थना करत आणि बरोबर जेवत. टोपल्या विकून धान्य येई. कुणी जमावाला आला नाही तर कुणीतरी त्याच्या खोलीकडे जाऊन बघून येई. एकांताचा इतका अभ्यास फार थोड्या लोकांनी केला असेल, आणि त्यांनी हा धागा तोडला नाही.

अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरोचं उदाहरण तुमच्या मनात असणारच, सगळ्यांच्याच असतं. तो 4 जुलै 1845 ला वॉल्डन तळ्याकाठी राहायला गेला आणि 6 सप्टेंबर 1847 ला परतला. झोपडी दहा फूट बाय पंधरा फूट. गाव तिथून अडीच किलोमीटरसुद्धा नव्हतं, आणि दर एक-दोन दिवसांनी तो तिकडे चक्कर मारून यायचा. झोपडीत तीन खुर्च्या होत्या आणि एकदा तर पंचवीस-तीस माणसं तिथं एकाच वेळी मावली होती. हे सांगितलं की लोक म्हणतात, "म्हणजे तो खरा एकटा नव्हताच." मला उलट वाटतं, त्याला एकटेपणाचं नेमकं माप सापडलं होतं.

मला सगळ्यांत आदर वाटतो तो रिचर्ड प्रेनेकीबद्दल. 1968 मध्ये, बावन्नाव्या वर्षी, तो अलास्कातल्या ट्विन लेक्सच्या काठी गेला आणि हातातल्या हत्यारांनी स्वतःचं लाकडी घर बांधलं. मधले काही काळ सोडले तर जवळजवळ तीस वर्षं तो तिथं राहिला. पण जाण्याआधी त्यानं सुतारकाम केलं होतं, डिझेल इंजिनं दुरुस्त केली होती, म्हणजे हाताला वळण होतं. एक ओळखीचा वैमानिक विमानानं शिधा आणि टपाल आणून द्यायचा. तो रोज हवामानाच्या, प्राण्यांच्या नोंदी करायचा, पत्रं लिहायचा. त्याला तिथं करायला काम होतं आणि ते काम त्याला मनापासून आवडत होतं.

आता ज्यानं धागा पूर्णच तोडला त्याच्याकडे बघू. ख्रिस्तोफर नाइट 1986 मध्ये, विशीच्या वयात, अमेरिकेतल्या मेन राज्याच्या जंगलात शिरला आणि 2013 मध्ये पकडला गेला. सत्तावीस वर्षांत वाटेत भेटलेल्या एका माणसाला घातलेली एका शब्दाची हाक, एवढंच त्याचं बोलणं झालं असं त्यानं सांगितलं. धूर दिसेल म्हणून कडाक्याच्या थंडीतही त्यानं कधी लाकडं पेटवली नाहीत. पण खाणं, गॅसच्या टाक्या, कपडे हे सगळं त्यानं आसपासच्या सुटीच्या घरांतून चोरलं, सुमारे हजार वेळा. मला त्याच्याबद्दल राग नाही, त्याच्या सहनशक्तीचं आश्चर्यच वाटतं. तरी माणसांशी नातं तोडायला निघालेला हा माणूस सत्तावीस वर्षं इतरांच्या कपाटांवर जगला, आणि त्या घरांतली माणसं रात्री दचकत झोपत होती, हे विसरता येत नाही.

धागा का हवा, तर एकट्या माणसाला स्वतःची चूक दिसत नाही. 1934 मध्ये रिचर्ड बर्ड हा अमेरिकन संशोधक अंटार्क्टिकातल्या एका केंद्रात हिवाळाभर एकटा राहिला. शेगडी आणि जनरेटरच्या धुरातून कार्बन मोनॉक्साइड खोलीत साठत होता आणि तो हळूहळू खचत चालला होता. त्यानं मदत मागितली नाही. मुख्य तळावरच्या सहकाऱ्यांना त्याचे बिनतारी संदेश विस्कळीत वाटू लागले म्हणून ते निघाले आणि ऑगस्टमध्ये पोचले. या वायूला वास नसतो, आणि त्यानं पहिली जाते ती विचारशक्ती. म्हणून धुरांडं दर आठवड्याला साफ करायचं, झोपताना एक फट उघडी ठेवायची आणि हा वायू साठला की इशारा देणारं बॅटरीवरचं यंत्र बरोबर न्यायचंच.

कार्ल मॅककन हा पस्तिशीतला छायाचित्रकार. मार्च 1981 मध्ये त्याला विमानानं अलास्काच्या एका निर्मनुष्य तळ्याकाठी सोडलं. बरोबर फिल्मचे पाचशे रोल आणि सहाशे किलोंहून जास्त सामान. परत न्यायला कोण, कधी येणार हे मात्र पक्कं ठरलेलं नव्हतं. ऑगस्टमध्ये विमान आलं नाही. पुढे पोलिसांचं विमान वरून गेलं तेव्हा आनंदानं त्यानं एक हात वर केला. नंतर त्याच्याजवळच्याच परवान्यामागे छापलेल्या खुणा वाचताना त्याला कळलं की एक हात म्हणजे "सगळं ठीक आहे". तो तिथून परतला नाही. मी प्रत्येकाकडून ही खूण करवून घेतो: मदत हवी असेल तर दोन्ही हात वर, पसरून. एक हात कधीच नाही.

ख्रिस्तोफर मॅककँडलेस या अमेरिकन तरुणाची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. एप्रिल 1992 च्या शेवटी तो अलास्कात शिरला आणि ऑगस्टमध्ये उपाशी वारला. त्यातला एक तपशील लोक विसरतात. जुलैच्या सुरुवातीला तो माणसांत परतायला निघाला होता. त्याला दोन महिने पुरेसे वाटले होते. पण येताना सहज ओलांडलेली नदी उन्हाळ्यात वितळलेल्या बर्फानं फुगली होती, आणि तो मागं फिरला. खालच्या अंगाला किलोमीटरभराच्या आतच नदीवर तारेवरचा हातपाळणा होता. त्याच्याजवळ चांगला नकाशा नव्हता. म्हणून जाण्याची वाट बघताना परतीची वाट वेगळ्या ऋतूत कशी असेल हे आधी विचारा. बर्फाचं पाणी येणारी नदी पहाटे सर्वांत उतरलेली असते, दुपारनंतर चढते.

माझा स्वतःचा धागा म्हणजे संध्याकाळी सहाचा वायरलेस. मुख्य तळावरून कुणीतरी हवामान वाचून दाखवायचं, मी "ठीक आहे" म्हणायचो. दोन मिनिटांचा कार्यक्रम. तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की पावणेसहाला मी तोंड धुतो, केस नीट करतो. पलीकडच्याला मी दिसणार नव्हतो. तरी धुवायचो. एकेचाळिसाव्या दिवशी कुऱ्हाड निसटून डाव्या पावलात घुसली. जखम फार मोठी नव्हती, पण पाय टेकवेना. ओढा दोनशे पावलांवर होता आणि ती दोनशे पावलं मी बसून सरकत गेलो, पाणी भरून परत सरकत आलो, यात दुपार गेली. त्या संध्याकाळी मी "ठीक आहे" म्हटलं. पलीकडच्यानं दोन क्षण थांबून विचारलं, "आवाज असा का येतोय?" मग मी खरं सांगितलं. दीड दिवसानं दोघं जण टाके घालायचं सामान घेऊन आले. त्यानं विचारलं नसतं तर मी किती दिवस "ठीक आहे" म्हणत राहिलो असतो, हे मला सांगता येणार नाही.

पोटाचं आणि लाकडाचं गणित थोडक्यात. थंडीत अंगमेहनत करणाऱ्याला दिवसाला साडेतीन-चार हजार कॅलरी लागतात. शिकार, मासे, कंदमुळं यांवर एकट्यानं पोट भरू असं समजू नका. नुसतं सशासारखं बिनचरबीचं मांस खात राहिलं तर भरल्या पोटी माणूस खंगत जातो, कारण शरीराला एका मर्यादेपलीकडे प्रथिनांवर चालता येत नाही. तेल-तूप भरपूर न्या, क जीवनसत्त्वाची सोय करा, मीठ विसरू नका. सायबेरियाच्या जंगलात 1936 पासून जगापासून तुटून राहिलेलं लायकोव्ह कुटुंब 1978 मध्ये भूगर्भशास्त्रज्ञांना सापडलं, तेव्हा त्यांनी सुरुवातीला फक्त मीठच स्वीकारलं होतं. याच कुटुंबातली आई 1961 मध्ये जूनमधल्या बर्फानं पीक गेल्यावर उपासमारीनं वारली होती. ते कष्टाळू होते, त्यांना जंगलाची पंचवीस वर्षांची सवय होती, तरी एका रात्रीच्या बर्फानं घात केला. सरपण तुम्हाला वाटतं त्याच्या तिप्पट लागतं, आणि ते पावसाआधी कोरडं करून ठेवावं लागतं. पाणी खळखळून मिनिटभर उकळायचं, दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं. जाण्याआधी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन या, रानात दाढ दुखण्यासारखा दुसरा छळ नाही. आणि कुणाच्याही मालकीची नसलेली जमीन आता जवळजवळ कुठंच उरलेली नाही, त्यामुळे परवानगीचा विचार आधी करा. लपून राहायची वेळ आली तर जो निवांतपणा शोधत होतात तोच पहिला जाईल.

एक गोष्ट तुम्हाला थेट विचारतो. झोप उडाली आहे का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत जीव रमेनासा झालाय का? आपण नसतो तर बरं, असे विचार येतात का? यातल्या एकाचंही उत्तर "हो" असेल तर आत्ता जाऊ नका. आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, आणि शेवटच्या प्रश्नाचं "हो" असेल तर आजच जवळच्या कुणाला तरी सांगा. एकांत हा बऱ्या मनाला मोठं करतो, पण दुखऱ्या मनाचं दुखणंही तितकंच मोठं करतो. अशा दोघांना मी परत पाठवलंय. एक जण वर्षानं बरा होऊन आला आणि वीस दिवस फार सुंदर राहिला.

हे सगळं ठीक असेल तर पुढचं असं करा. घर विकू नका, राजीनामा देऊ नका, रजा घ्या. पहिल्यांदा एक रात्र, ओळखीच्या रानात, परवानगी घेऊन. मग तीन रात्री. मग दहा दिवस. दहा दिवसांना मी खरी सुरुवात मानतो, कारण तोवर माणसं येऊन जायला लागलेली असतात. पुस्तकं कमी न्या, हातांना लागेल असं काम जास्त न्या: काही कोरायचं, काही विणायचं, रोज मोजायचं आणि लिहायचं काहीतरी. पाखरं मोजा, ओढ्याची पातळी मोजा. वहीत रोज दुपारी तीन वाजता पाच ओळी लिहा, सकाळी नाही. सकाळी सगळ्यांनाच रान आवडतं.

परत आल्यावर लगेच काही ठरवू नका. 97 दिवसांनी मी बाहेर आलो तेव्हा न्यायला आलेल्या चालकाशी चार तास न थांबता बोललो, आणि नंतर आठवडाभर बाजारातला आवाज सहन होईना. त्या आठवड्यात मला दोन्ही वाटून गेलं, पुन्हा कधी जायचं नाही आणि पुन्हा कधी यायचं नाही. दोन आठवडे जाऊ द्या, मग दुपारची ती पानं काढून वाचा. त्यांत तुम्ही ज्यांच्यापासून पळालात त्यांचीच नावं शेवटच्या दिवसापर्यंत असतील, तर आधी त्यांच्याशी काय बोलायचं राहिलंय ते बघा. ओढा, पाखरं, हातातलं काम असं काही येऊ लागलं असेल तर मला कळवा, तीस दिवसांची तयारी आपण बसून करू.

आणि पहिल्या एका रात्रीसाठीसुद्धा एक माणूस निवडा. त्याला लिहून द्या: कुठं जातोय, कुठल्या वाटेनं, कधी परत येणार, आणि त्या वेळेनंतर किती तासांनी त्यानं कुणाला फोन करायचा. तुमच्या मनात आत्ता जे नाव आलं, त्यालाच द्या.